गोगलगाईचें काळीज

"गोगलगाय आणि पोटांत पाय" ही म्हण आपण माणसांना लावतों. वरून गरीब दिसणारा, पण आंतून आपला डाव साधणारा मनुष्य भेटला कीं ती आपोआप तोंडीं येते. ज्या कोणीं ती प्रथम उच्चारली त्यानें गोगलगाय चांगली न्याहाळलेली असली पाहिजे. कारण प्राणिशास्त्रज्ञांनीं या सबंध वर्गाला जें नांव ठेवलें आहे त्याचाहि अर्थ पोटाला पाय असलेले प्राणी असाच आहे. मराठी ग्रंथांतून त्यांना उदरपाद म्हणतात. पावसाळ्यांत कुंपणावर चढणारी गोगलगाय, नदीकांठच्या वाळूंत सांपडणारे लहानमोठे शंख, सारीपाटांतील कवडी ज्याच्या अंगावरची असते तो समुद्रांतील प्राणी, आणि शंख अजिबात टाकून देऊन उघड्या अंगानें फिरणाऱ्या समुद्रांतील गोगलगाई, हीं सारीं एकाच घराण्यांतलीं.

श्रोतेहो, पायांची गोष्ट म्हणीनेंच सांगून टाकली आहे. म्हणून मी आज पोटाकडे वळणार आहें. या प्राण्यांच्या पोटांत एक मोठी ग्रंथि असते. शास्त्रीय पुस्तकांत तिला पाचक ग्रंथि म्हणतात. जुन्या पुस्तकांतून तिला सरळ यकृत म्हटलेलें आढळतें, आणि कोठें कोठें यकृत व स्वादुपिंड यांचें जोडनांवहि दिलेलें असतें. मी तिला सोयीसाठीं काळीज म्हणेन. मराठींत काळीज फाटतें, काळजाचें पाणी होतें, तेव्हां आपल्या मनांत हृदय असतें. पण खाटकाच्या दुकानांत काळीज मागितलें तर तो यकृतच तोलून देतो, आणि शरीरशास्त्राच्या दृष्टीनें खाटकाचेंच बरोबर आहे.

हा विषय निवडण्याचें कारण केवळ कुतूहल नव्हे. बारामती आणि इंदापूर या तालुक्यांत कालव्याकांठीं चरणाऱ्या मेंढीचें काळीज शाबूत राहील कीं सडेल, हें कित्येकदां पाण्यांतील एका लहानशा शंखाच्या काळजांत ठरत असतें. त्या काळजाची रचना समजली म्हणजे हें कसें ठरतें तेंहि समजतें.

प्रथम या शंखांचें घर पाहूं. नीरा डावा कालवा १८८५ च्या सुमारास वाहूं लागला, आणि त्याला पाणी पुरविणारें भाटघरचें धरण त्यानंतर थोड्याच वर्षांत पुरें झालें. तेव्हांपासून आमच्या मुलखाचे दोन तुकडे पडले, एक बागाइती आणि एक जिराइती. पुढें भीमेवर उजनीचें धरण १९८० सालीं झालें, आणि त्याचा फुगवटा इंदापूर तालुक्याच्या उत्तर शिवेवरून भिगवणच्याहि पलीकडे गेला. जुनें पळसदेव गांव पाण्याखालीं गेलें. उन्हाळ्यांत पाणी फार उतरलें म्हणजे तेथील देवळाचें शिखर, आणि एखाद्या वर्षीं सबंध देऊळ, पुन्हां वर येतें. भिगवणचे रोहित पक्षी पाहण्यासाठीं पुण्यामुंबईहून मंडळी येतात. त्यांपैकीं फारच थोड्यांची नजर तेथेंच चिखलांत उभ्या असलेल्या मुग्धबलाकाकडे जाते. या करकोच्याची चोंच मिटली तरी मध्यें फट राहते, आणि तिच्या साहाय्यानें तो शंखांतील प्राणी ओढून काढून खातो. जेथें हा पक्षी उभा दिसेल तेथें शंख विपुल आहेत असें खुशाल समजावें.

भरधांव वाहणाऱ्या कालव्यांत शंख टिकत नाहींत. त्यांना उथळ, संथ, शेवाळलेलें पाणी लागतें, आणि असें पाणी चारीच्या कडेला, पाझराच्या डबक्यांत, उसाच्या फडाशेजारच्या पाणथळ जागेंत आणि फुगवट्याच्या कांठावर हवें तितकें मिळतें. तेथें मुख्यतः तीन जातीचे शंख आढळतात. सर्वांत मोठा पायला, लिंबाएवढा किंवा त्याहून मोठा, दाराला झांकण असलेला. उन्हाळ्यांत तो चिखलांत स्वतःला गाडून घेतो आणि पावसाची वाट पाहतो. डॉ. बैनी प्रसाद यांनीं १९२५ सालीं त्याच्या शरीररचनेवर सविस्तर प्रबंध लिहिला, आणि तेव्हांपासून हिंदुस्थानांतील कॉलेजांतून प्राणिशास्त्राच्या विद्यार्थ्यांनीं तो पिढ्यान् पिढ्या चिरला. दुसरा इन्डोप्लॅनॉर्बिस. हें नांव मोठें असलें तरी शंख लहान आहे, आणि चकलीसारखा एकाच पातळींत वळलेला असल्यामुळें तो ओळखण्यास अगदीं सोपा. याचें रक्त आपल्यासारखें तांबडें असतें. इतर बहुतेक शंखांचें रक्त तांब्याच्या अंशामुळें निळसर असतें. तिसरा लिम्निया, नाजूक, टोंकदार आणि मोठ्या तोंडाचा. आपलें आजचें काम विशेषतः या तिसऱ्याशीं आहे.

लिम्नियाचा शंख इतका पातळ असतो कीं उजेडाकडे धरला असतां आंतील अवयव छायेसारखे दिसतात. टोंकाकडील वळशांत जो शेवाळी तपकिरी रंगाचा गोळा दिसतो तेंच त्याचें काळीज. त्या वळशांत दुसरें फारसें कांहीं नसतेंच. एक काळीज, आणि त्यांत रुतून बसलेली जननग्रंथि. डोकें व पाय बाहेर हिंडत असतात, आणि घरांतल्या तिजोरीसारखें काळीज सर्वांत आंतल्या खोलींत ठेवलेलें असतें.

आतां आपल्या काळजांत आणि या काळजांत एक मोठा भेद आहे, तो नीट ध्यानांत घ्यावा. आपण खाल्लेलें अन्न यकृतांत कधींच जात नाहीं. तें जठरांत व आंतड्यांत रसांच्या साहाय्यानें विरघळतें, त्याचें सत्त्व रक्तांत शोषलें जातें, आणि मग तें रक्त यकृताकडे येतें. शंखाचें तसें नाहीं. त्याची जीभ कानशीसारखी असते. तिच्यावर दांतांच्या ओळीच्या ओळी असतात. तिनें तो दगडावरचें शेवाळ खरवडतो, तें जठरांत दळलें जातें, आणि त्यांतील बारीक कण नळ्यांवाटे थेट काळजांत शिरतात. तेथील पेशी ते कण अक्षरशः गिळतात. म्हणजे जें काम आपल्याकडे आंतड्याच्या पोकळींत चालतें त्याचा शेवटचा आणि महत्त्वाचा भाग शंखाच्या काळजांत एकेका पेशीच्या आंत चालतो. प्रत्येक पेशी स्वतंत्र चूल मांडून बसलेली असते.

हें डोळ्यांनीं पाहावयाचें तर काळजाचा अत्यंत पातळ काप घ्यावा लागतो. ताजा अवयव लोण्यासारखा मऊ असल्यामुळें त्याचा काप निघत नाहीं. म्हणून तो प्रथम फॉर्मॅलिनसारख्या द्रवांत ठेवून घट्ट करतात. मग उत्तरोत्तर तीव्र होत जाणाऱ्या मद्यार्कांतून फिरवून त्यांतील पाणी काढतात, आणि वितळलेल्या पॅराफिन मेणांत मुरवितात. मेण थिजलें कीं त्या वडीचे एका खास यंत्रावर पांचसात मायक्रॉन जाडीचे काप निघतात. मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. काप रंगहीन असतो, म्हणून त्यास दोन रंग देतात. हिमॅटॉक्सिलिन हा मध्य अमेरिकेंतील एका झाडाच्या लांकडापासून निघणारा रंग पेशींचीं केंद्रें निळीं करतो, आणि इओसिन बाकीचा भाग गुलाबी करतो. मी स्वतः मॅट्रिकपर्यंत शिकलेला शाळामास्तर. आमच्या शाळेंत एकच सूक्ष्मदर्शक होतें, आणि असे काप करण्याचें साहित्य तर नव्हतेंच. परंतु कॉलेजांत शिकणाऱ्या एका जुन्या विद्यार्थ्यानें सुटींत दोन तयार कांचा आणून दाखविल्या, तेव्हां प्रथम जें दिसलें तें मला अगदीं ओळखीचें वाटलें. तो जुन्या गांवाचा नकाशा होता.

कल्पना करा कीं आपण उंचावरून जुन्या पद्धतीच्या वाड्यांकडे पाहत आहों. प्रत्येक वाड्याच्या मध्यें चौक, चौकाभोंवतीं खोल्यांची एकच ओळ, प्रत्येक खोलीचें दार चौकांत उघडणारें आणि मागची भिंत बाहेरच्या बोळाला लागलेली. काळजाच्या कापांत असेच शेंकडों वाडे एकमेकांना चिकटून उभे असतात. खरें पाहतां ते वाडे नसून आडव्या कापलेल्या नळ्या असतात, एका टोंकाला बंद असलेल्या, आणि दुसऱ्या टोंकानें मोठ्या नळ्यांना व त्यांच्या द्वारें जठराला मिळालेल्या. मधला चौक म्हणजे नळीची पोकळी. येथें अन्नाचे कण येतात. खोल्या म्हणजे पेशी. आणि वाड्यांमधील बोळांतून शंखाचें रक्त खेळत असतें, कारण या प्राण्यांचें रक्त सर्वत्र बंद शिरांतून न वाहतां अशा मोकळ्या जागांतूनहि वाहतें. पचलेलें अन्न खोलीच्या मागच्या भिंतींतून बोळांत उतरतें. हे बोळ लक्षांत ठेवा. पुढें त्यांच्याशीं काम पडणार आहे.

खोल्या सर्व सारख्या नसतात. बहुसंख्य पेशी उंच व अरुंद असून त्यांच्या चौकाकडील कांठावर अतिसूक्ष्म केंसांसारखी झालर असते. याच अन्न गिळणाऱ्या पेशी. त्यांच्या वरच्या भागांत लहान लहान बुडबुडे, मध्यें मोठे, आणि तळाशीं चरबी व ग्लायकोजेन यांचा सांठा दिसतो. त्यांच्यामध्यें कोंपऱ्यांत दबून बसलेल्या, तळाशीं रुंद व वर निमुळत्या अशा दुसऱ्या पेशी असतात. त्या हिमॅटॉक्सिलिननें गडद निळ्या होतात आणि पाचक रस तयार करतात. कांहीं पेशींत चुन्याचे गोल कण भरलेले असतात. शंखाचा कांठ तुटला, किंवा अंडीं घालण्याची वेळ आली, कीं हा चुना बाहेर निघतो. शिवाय ज्यांच्यांत एकेक मोठा बुडबुडा आणि त्यांत पिवळ्या तपकिरी रंगाचा गाळ असतो अशाहि पेशी आढळतात. त्या म्हणजे या वाड्याची कचराकुंडी. भरल्या कीं त्या आपला गाळ चौकांत टाकतात, आणि तो विष्ठेबरोबर निघून जातो. या पेशींचे नेमके प्रकार किती याबद्दल विद्वानांत एकवाक्यता नाहीं; एकच पेशी निरनिराळ्या वयांत निरनिराळी दिसते असें कांहींचें मत आहे, आणि मलाहि तें पुष्कळ अंशीं पटतें. कारण उपाशी शंखाचा काप आणि नुकत्याच जेवलेल्या शंखाचा काप शेजारीं ठेवले तर ते दोन निराळ्या प्राण्यांचे वाटावेत इतका फरक असतो. जेवणानंतर पेशी फुगतात, त्यांचीं टोंकें चौकांत डोकावतात, आणि त्यांतील कांहीं तर तुटूनहि पडतात.

जो गिळतो त्याच्या पोटांत भलतेंहि जातें. पाण्यांतील तांबें, कॅडमियम यांसारखे धातु या पेशी अन्नाबरोबर घेतात आणि विशिष्ट प्रथिनांशीं बांधून ठेवतात. ऑस्ट्रियांतील शास्त्रज्ञांनीं १९९७ सालीं प्रसिद्ध केलें कीं, तेथील मोठ्या गोगलगाईंत यासाठीं दोन निराळीं प्रथिनें आहेत. एक कामाचें तांबें जपून ठेवण्यासाठीं, आणि दुसरें घातक कॅडमियम अडकवून ठेवण्यासाठीं. म्हणून पाणी किती दूषित आहे हें पाहावयाचें झालें म्हणजे संशोधक कित्येकदां पाण्याऐवजीं शंखाचें काळीज तपासतात. पाण्याचा नमुना त्या दिवसाची हकीकत सांगतो, काळीज कित्येक महिन्यांची. पुण्याचें सांडपाणी मुळामुठेवाटे भीमेंत आणि भीमेवाटे उजनींत येतें, हें ज्यांना ठाऊक आहे त्यांना या गोष्टीचें महत्त्व निराळें सांगावयास नको.

गिळलेलें सर्वच पचविलें पाहिजे असें नाहीं, ही युक्ति समुद्रांतील बिनशंखी गोगलगाईंनीं परमावधीला नेली आहे. ओहोटीच्या वेळीं खडकाळ किनाऱ्यावरील डबक्यांत नीट शोधलें असतां या रंगीबेरंगी जीवांचें दर्शन कोंकणांतहि घडतें. शंख नसल्यामुळें त्यांच्या काळजाला टोंकांत वेटोळें करून बसण्याचें कारण उरलेलें नाहीं. तें सर्व अंगभर पसरतें. कांहींच्या पाठीवर बोटांसारखे झुबके असतात, आणि प्रत्येक झुबक्यांत काळजाची एक शाखा शिरलेली असते. हे प्राणी समुद्रपुष्पें व त्यांचे भाऊबंद खातात. त्या भक्ष्याच्या अंगांत विषारी डंखांच्या सूक्ष्म कुप्या असतात. गोगलगाय त्या न फुटलेल्या कुप्या काळजाच्या शाखेवाटे झुबक्याच्या टोंकापर्यंत पोंचविते, तेथील पेशी त्या गिळून सांभाळतात, आणि शत्रूनें तोंड घातलें कीं त्याच कुप्या त्याच्यावर उडतात. दुसऱ्याच्या कोठारांतील दारूगोळा स्वतःच्या तटावर नेऊन ठेवण्याचा हा प्रकार आहे.

दुसरा प्रकार याहून नवलाचा. इलिसिया नांवाची पानासारखी हिरवी गोगलगाय शेवाळाचा रस शोषते, आणि त्यांतील हरितकण, म्हणजे उन्हांत अन्न शिजविणारे वनस्पतीचे हिरवे कण, काळजाच्या पेशींत जिवंत ठेवते. कावागुटी आणि यामासू या जपानी शास्त्रज्ञांनीं १९६५ सालीं विद्युत्सूक्ष्मदर्शकांतून हें प्रथम दाखविलें. अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावरील एक जात अशा शिदोरीवर नुसत्या उजेडांत कित्येक महिने अन्नावांचून जगते. मात्र २०१४ च्या सुमारास कांहीं जातींवर प्रयोग झाले तेव्हां त्या अंधारांतहि जवळजवळ तितक्याच काळ तग धरतात असें दिसून आलें. तेव्हां हे हिरवे कण म्हणजे चालू स्वयंपाकघर, कीं हळूहळू संपविण्याची पुंजी, हा वाद अजून मिटलेला नाहीं. जनावर झाड बनलें अशा मथळ्यांवर फार विश्वास ठेवूं नये इतकेंच माझें सांगणें.

समुद्रावरून पुन्हां चारीच्या कांठीं येऊं. जेथें अन्न, चरबी, ग्लायकोजेन, चुना असें सर्व कांहीं एकाच ठिकाणीं भरलेलें आहे, आणि ज्याच्या बोळांतून रक्त मोकळें वाहतें, असें स्थळ बिऱ्हाडकरूंच्या दृष्टीस पडल्यावांचून कसें राहील? तो बिऱ्हाडकरू म्हणजे पर्णकृमि. नांवाप्रमाणें पानासारखा चपटा. आपल्याकडील जात विलायती जातीहून मोठी. पांच ते सात सेंटिमीटर, म्हणजे साधारण कडुनिंबाच्या एका पर्णिकेएवढी. तो मेंढी, शेळी, गाय, म्हैस यांच्या यकृतांतील पित्तनळ्यांत राहतो.

हा तेथें येतो कसा, हें पुष्कळ काळ कोडें होतें. १८७९-८० सालच्या सांथींत इंग्लंडांत सुमारें तीस लाख मेंढ्या दगावल्या, तेव्हां तेथील शेतकी मंडळींनीं या प्रश्नाचा पिच्छा पुरविला. ऑक्सफर्ड येथील थॉमस आणि जर्मनींतील लॉइकार्ट यांनीं एकमेकांपासून स्वतंत्रपणें, १८८१ ते १८८३ च्या दरम्यान, उत्तर शोधून काढलें, आणि दोघांनाहि तें लिम्नियाच्या काळजांत सांपडलें.

कृमीचीं अंडीं पित्ताबरोबर आंतड्यांत आणि लेंड्यांबरोबर बाहेर पडतात. तीं पाण्यांत गेलीं तर उबदार हवेंत दोनतीन आठवड्यांनीं त्यांतून केंसाळ अंगाचा सूक्ष्म डिंभ निघतो. त्याला तोंड नाहीं. जवळच्या शिध्यावर तो फार तर एक दिवस पोहतो, आणि तेवढ्या अवधींत लिम्निया सांपडला नाहीं तर मरतो. सांपडला तर त्वचा भेदून आंत शिरतो आणि त्याची एक पिशवी बनते. त्या पिशवींत दुसऱ्या प्रकारचे डिंभ जन्मतात. त्यांना शास्त्रांत रेडिया म्हणतात. या रेडियांना तोंड आहे, स्नायूंनीं बळकट असा घसा आहे आणि आंतडेंहि आहे. ते पिशवी फोडून निघतात ते थेट काळजाकडे वळतात, आणि मघाशीं ज्या बोळांची गोष्ट सांगितली त्या बोळांत मुक्काम ठोकतात.

यापुढील काप पाहिला म्हणजे मन विषण्ण होतें. वाडे चेपलेले, चौक बुजत चाललेले, खोल्यांच्या भिंती कुरतडलेल्या, आणि बोळांत पुष्ट रेडिया आडवेतिडवे पडलेले. पेशींतील ग्लायकोजेनचा सांठा आटतो. काळजांत रुतलेली जननग्रंथि उपासमारीनें वा दाबानें निकामी होते, आणि शंख वांझ होतो. कांहीं शंख अशा वेळीं नेहमींपेक्षां मोठेहि होतात. अंडीं घालण्याचा खर्च वाचला कीं तेवढें अन्न अंगाला लागतें, असा त्याचा एक खुलासा देतात. बाहेरून शंख चांगला धष्टपुष्ट दिसत असतो. रेडियांच्या अंगांत आतां शेंपटीवाले डिंभ तयार होतात. मूळच्या एका केंसाळ डिंभापासून अशी शेंकडोंची प्रजा निघते. ते शंखांतून बाहेर पडतात, गवताच्या काडीला चिकटतात, शेंपूट टाकतात आणि अंगाभोंवतीं कोश विणून स्वस्थ बसतात. राईच्या दाण्याहूनहि पुष्कळ लहान असा तो पांढुरका ठिपका मेंढीच्या पोटांत गेला कीं चक्र पुरें झालें.

शंखाच्या काळजांत असे बिऱ्हाडकरू एकाच जातीचे असतात असें नाहीं. या बाबतींत आपल्या प्रांतांत झालेलें काम अभिमान वाटावा असें आहे. मुंबईस परळ येथील प्रयोगशाळेंत, जिला १९२५ पासून हाफकिन इन्स्टिट्यूट म्हणतात तेथें, लिस्टन आणि सोपारकर यांनीं १९१८ सालीं दाखवून दिलें कीं, जनावरांच्या रक्तवाहिन्यांत राहणारा एक कृमि चकलीसारख्या इन्डोप्लॅनॉर्बिसमध्यें वाढतो. डॉ. सोपारकरांनीं १९२१ सालीं या डिंभांचें वर्णन प्रसिद्ध केलें. या रक्तकृमींच्या डिंभपिशव्यांना तोंड नसतें. त्या काळजाच्या बोळांत पडून त्वचेनेंच अन्नरस शोषतात. त्यांचे डिंभ गवतावर न बसतां सरळ जनावराच्या त्वचेंतून आंत घुसतात. डबक्यांत उभें राहून काम केल्यावर पायांना जी खाज सुटते तिचें कारण कित्येकदां हेंच असतें. जनावराची वाट चुकून ते माणसाच्या कातडींत शिरतात आणि तेथेंच मरतात. माणसाला खरोखर पीडा देणारा रक्तकृमि हिंदुस्थानांत नाहीं अशी पुष्कळांची समजूत होती. पण १९५२ सालीं गाडगीळ आणि शहा या डॉक्टरांनीं रत्नागिरी जिल्ह्यांतील गिमवी गांवीं लघवींतून रक्त जाणाऱ्या रोग्यांत तो शोधून काढला, आणि पुढें फेरिसिया नांवाच्या टोपीसारख्या इवल्याशा शंखावर त्याचा संशय स्थिर झाला.

मेंढीच्या पोटांत गेलेल्या कोशाचें पुढें काय होतें तें थोडक्यांत सांगतों. कोश फुटून निघालेला कोंवळा कृमि आंतड्याची भिंत पोंखरतो, यकृताच्या आवरणांतून आंत शिरतो आणि कित्येक आठवडे मांस खात हिंडतो. मग पित्तनळींत स्थिर होऊन रक्त पितो. मेंढी खंगते, डोळ्यांच्या आंतली लाली जाऊन पांढुरकेपणा येतो, जबड्याखालीं पाण्यानें भरलेली सूज लोंबूं लागते. कालव्याच्या शेपटाकडील एका वस्तीवर एका वृद्ध धनगरानें अशी मेंढी मला दाखविली होती. त्यांचा कळप दिवाळीनंतर कोंकणांत उतरावयाचा होता. "मास्तर, ही घाट उतरायची न्हाई," एवढेंच ते म्हणाले, आणि मेंढी खरोखरच दुसऱ्या आठवड्यांत गेली. यकृत चिरलें तेव्हां पित्तनळ्या चुना घातल्यासारख्या कडक लागत होत्या आणि सुरीखालून पानें बाहेर येत होतीं. धनगराची पुंजी बँकेंत नसते. ती पायांवर चालत असते. दहा मेंढ्या गेल्या म्हणजे त्या घरचें एक लग्न पुढें जातें.

शहरांतील श्रोत्यांच्या मनांत येथें एक शंका येईल, तिचें निरसन करून टाकतों. अशा जनावराचें काळीज चुकून घरांत आलें तर तें किळसवाणें खरें, पण शिजवून खाल्ल्यानें हा रोग जडत नाहीं. रोगाचें बीज काळजांत नसून पाण्यांतल्या वनस्पतीवर असतें. म्हणून मनुष्यास क्वचित् हा रोग होतो तो पाणवनस्पति कच्च्या खाल्ल्यामुळें. ओले शिंगाडे दांतांनीं सोलण्याची मुलांना संवय असते, ती मोडावी.

उपायांचा विचार करूं लागलें कीं पुन्हां शंखाच्या काळजाशींच यावें लागतें. जनावराला औषधें आहेत. ऑक्सिक्लोझानाइड वाढलेल्या कृमींवर चालतें, ट्रायक्लाबेन्डाझोल कोंवळ्या कृमींवरहि चालतें. कोणतें, केव्हां आणि किती, हें पशुवैद्यानें ठरवावें. परंतु औषध घेतलेली मेंढी त्याच चारीवर पुन्हां चरली तर श्रम फुकट. मग शंखच मारावे असें कोणी म्हणेल. मोरचुदानें ते मरतात. पूर्वीं हा उपाय परदेशांत पुष्कळ चालला. पण मोरचुदानें मासेहि मरतात, आणि उजनीच्या कांठीं मासेमारीवर पोट असणारीं शेंकडों कुटुंबें आहेत. त्या पाण्यांत मोरचूद ओतण्याचा सल्ला मी तरी देणार नाहीं.

याहून चतुर उपाय इंडोनेशियांत काढला गेला, आणि तो ऐकून मला फार कौतुक वाटलें. तेथें भातखाचरांत बदकें पाळतात. बदकाच्या आंतड्यांत एक निराळा कृमि असतो, आणि त्याचे रेडियाहि लिम्नियाच्या काळजांतच वाढतात. पण ते असे आडदांड कीं शेजारच्या पर्णकृमीचे रेडिया दिसले कीं त्यांना खाऊन टाकतात. म्हणून गोठ्याला लागून बदकांचा खुराडा ठेवावयाचा, दोहोंची विष्ठा एकत्र मिसळूं द्यावयाची आणि मग ती खाचरांत सोडावयाची, एवढाच तो उपाय. दोन्ही डिंभ एकाच शंखांत शिरतात, आणि पुढचा निकाल बोळांत लागतो. शंख मरत नाहीं, मासे मरत नाहींत, गुरें वांचतात. आपल्याकडील चाऱ्यांत हें जसेंच्या तसें लागू पडेल असें मात्र धरून चालूं नये. बदकाचा कृमि आणि आपला शंख यांचें जमावें लागतें, आणि त्याची परीक्षा करणें हें पशुवैद्यकाच्या प्रयोगशाळेचें काम आहे.

त्याच प्रयोगांतून निघालेली दुसरी गोष्ट मात्र आजपासून कोणासहि करतां येईल. पाण्यांतल्या ताटाच्या खालच्या तृतीयांशावरच कोश बहुतांशीं चिकटलेले असतात. वरचा भाग जवळजवळ निर्धोक असतो. तेव्हां चारीच्या कांठचें गवत कापतांना विळा पाण्याच्या पातळीपासून वीतभर वर चालवावा, बुडखा तसाच ठेवावा, आणि बुडख्यासकट कापावेंच लागलें तर तें हिरवें न घालतां कडक उन्हांत पुरतें वाळवून मगच मेंढ्यांपुढें टाकावें. ओलाव्यांत हे कोश आठवडेच्या आठवडे जिवंत राहतात. आमच्याकडचें चैत्रवैशाखांतलें ऊन त्यांना सोसत नाहीं.